चित्रकार हुसेन : देशाबाहेरची पाच वर्षे

● जन्म : १९१५, पंढरपूर. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून उमेदवारी. १९४७ साली चित्रकारांच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ गटात.

● देश सुटला : २००६. देवदेवतांच्या चित्रांवरून खटले, धमक्या. २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व.

● काम : दोहात अरब संस्कृतीवरची मालिका हाती घेतली, लंडनमध्ये मात्र तीन-तीन फलकांवर भारतच रंगवला. गणपती, सणवार, घरातली माणसे. ही चित्रे २०१४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लागली.

● अखेर : ९ जून २०११, लंडन. दफनही इंग्लंडमध्येच.

● रशियन जोड : देशाबाहेर राहून देशच मांडणारे आणखी एक कलावंत, इल्या काबाकोव्ह. ते १९८७ मध्ये सोव्हिएत संघाबाहेर पडले. एका स्वयंपाकघरात अनेक कुटुंबे कोंबणारी तिथली सामायिक घरे त्यांनी परदेशी दालनांत जशीच्या तशी उभी केली.