खोक्यावरचा आकडा आणि आतली चिप

सहा-सात वर्षांचा लॅपटॉप. चालू करून चहा टाकून यावं, तरी डेस्कटॉपवर एकेक आयकॉन अजून उगवतच असतं. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर निवांत बसलेला आणि ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के. अशा मशीनला हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की त्याचं रूप पालटतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. घोडं अडतं त्याच्या पुढे. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन बघा, ४८०-५०० जीबीच्या चार-पाच स्वस्त एसएसडी एका रांगेत उभ्या. किमती एकमेकींना खेटून, खोकी सारखीच चकचकीत. दुकानदार म्हणतो, ‘‘सगळ्या सेमच आहेत साहेब, कुठलीही घ्या.’’ घरातला कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, ‘‘मामा, अमुकच घे, बाकी सगळा कचरा.’’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघंही ते चुकीच्या कारणासाठी सांगतात.

गैरसमज : खोक्यावर मोठा आकडा, म्हणजे जास्त वेगवान एसएसडी

अडीच इंची, साटा जोडणीच्या एसएसडीचे छापील आकडे बघा. किंग्स्टन ए४०० : वाचनाचा वेग सेकंदाला ५०० एमबी. क्रूशल बीएक्स५०० : ५४०. सॅमसंग ८७० इव्हो : ५६०. एवढ्यावरून पहिलीवर फुली मारणारे लोक आहेत. खरं तर हे आकडे एसएसडीची कुवत सांगतच नाहीत, साटाची मर्यादा सांगतात. साटाची तिसरी आवृत्ती सेकंदाला ६ गिगाबिट वाहून नेते. त्यात दर ८ बिट माहितीसाठी १० बिट पाठवावे लागतात, म्हणून हाती जास्तीत जास्त ६०० एमबी येतात. वरचा थोडा खर्च वजा जाता ५५०-५६० ला सगळ्यांचंच डोकं छताला टेकतं. लॅपटॉप फारच जुना, साटाच्या दुसऱ्या आवृत्तीचा असेल, तर हे छत ३०० वरच येतं आणि सगळे छापील आकडे निकालात निघतात.

शिवाय हा वेग एकच मोठी फाइल सलग वाचतानाचा. विंडोज सुरू होताना तसं काही घडत नाही. तेव्हा हजारो बारक्या फायली इथून-तिथून उचलल्या जातात. ४ केबीचे तुकडे एकामागून एक, विखुरलेल्या जागांवरून वाचायला लावले, तर लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला १ एमबीही गाठत नाही, कारण दर तुकड्यासाठी तिचा हात तबकडीवर सरकावा लागतो. साधी साटा एसएसडी त्याच कामात २५ ते ४० एमबी देते. मशीन पालटल्यासारखं वाटतं ते या उडीमुळे. ५०० आणि ५६० मधला फरक स्टॉपवॉच घेऊन बसलात तरी रोजच्या कामात सापडणार नाही.

गैरसमज : एम.२ म्हणजे एनव्हीएमई, आणि एनव्हीएमई म्हणजे सहापट वेग

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. च्युइंगगमच्या पट्टीएवढी पाटी. तिच्यावर २२८० लिहिलं असेल तर रुंदी २२ मिलीमीटर, लांबी ८०. त्या पाटीवर साटा एसएसडीही असते आणि पीसीआय एक्सप्रेस जोडणीची एनव्हीएमईही. साधारणपणे साटावाल्या पाटीच्या सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईवाल्या पाटीत एक, पण याला अपवाद आहेत. खाचा मोजून खरेदी करू नका, लॅपटॉपच्या मॉडेलचं माहितीपत्रक उघडा. २०१५-१६ च्या सुमाराच्या कित्येक लॅपटॉपमधला एम.२ स्लॉट फक्त साटा ओळखतो. काहींमध्ये तर जो एम.२ स्लॉट दिसतो तो वाय-फाय कार्डाचा असतो, तिथे एसएसडी बसतच नाही.

वेगाचं म्हणाल, तर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सलग वाचनात सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत जाते. ५५० च्या सहापट, हे खरंच. मात्र विखुरलेल्या ४ केबीच्या वाचनात ती साटाच्या दीड-दोनपटच असते. विंडोज सुरू व्हायला, एक्सेल उघडायला, टॅलीत नोंदी करायला हा फरक सेकंदा-दोन सेकंदांत विरून जातो. व्हिडिओ एडिटिंग करत असाल किंवा मोठ्या फायली सतत हलवत असाल, तर गोष्ट वेगळी. एनव्हीएमईचा स्लॉट असेल आणि किंमत तेवढीच असेल तर एनव्हीएमईच घ्यावी, त्यात दुमत नाही. पण केवळ त्यासाठी चालता लॅपटॉप मोडीत काढायची गरज नाही.

गैरसमज : स्वस्तातल्या सगळ्या एसएसडी आतून सारख्याच

दुकानदार चुकतो तो इथे, आणि खरा फरक कळतो तोही इथेच.

एसएसडीच्या चिपमध्ये विद्युतभार साठवणाऱ्या अब्जावधी पेशी असतात. टीएलसी प्रकारात एका पेशीत ३ बिट मावतात, म्हणजे भाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत ४ बिट, म्हणजे १६ पातळ्या. तेवढ्याच चिपमध्ये जास्त जागा मिळते म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते. पण १६ पातळ्या नेमक्या बसवायला वेळ लागतो, म्हणून लिहिण्याचा वेग कमी, आणि पेशी झिजतेही लवकर. हे झाकायला कंपन्या एक युक्ती करतात : काही पेशी एकच बिट साठवण्यापुरत्या वापरायच्या, येणारी माहिती आधी तिथे झटपट टाकायची आणि फुरसतीत मूळ जागी लावायची. लग्नाहून आल्यावर सामान आधी हॉलमध्ये टाकावं आणि दुसऱ्या दिवशी कपाटात लावावं, तसं. हॉल भरेपर्यंत सगळं सुसाट चालतं.

तो भरला की काय होतं, हे सॅमसंगने ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी मालिकेच्या माहितीपत्रकातच दिलंय. १ टीबीच्या मॉडेलमध्ये ही तात्पुरती जागा ४२ जीबीपर्यंत आहे. ती संपली की लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. बऱ्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! घरच्या लग्नाच्या व्हिडिओंचा ७०-८० जीबीचा फोल्डर अशा एसएसडीवर कॉपी करायला लावा. विंडोजचा हिरवा आलेख आधी वरच्या वर सपाट धावतो, ‘दोन मिनिटं बाकी’ असं सांगतो, आणि अर्ध्यावर कड्यावरून पडावा तसा खाली येतो. मिनिटांची संख्या वाढायला लागते. एसएसडी बिघडली म्हणून लोक धावत दुकान गाठतात. बिघडलेलं काहीच नसतं, तिचा मूळ वेगच तेवढा. रोज थोडंथोडं लिहिणाऱ्याला ही भिंत कधी दिसतही नाही. म्हणून क्यूएलसीला सरसकट कचरा म्हणणारा भाचाही चुकतो. एसएसडी जवळजवळ भरलेली ठेवली तर मात्र ही तात्पुरती जागा आक्रसते आणि भिंत जवळ येते. थोडी जागा कायम मोकळी ठेवायची ती याचसाठी.

दुसरा फरक डीरॅमचा. कुठली माहिती कुठल्या पेशीत आहे, याचा नकाशा एसएसडीचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलर चिपला सतत लागतो. क्रूशल एमएक्स५०० सारख्या एसएसडीत त्यासाठी वेगळी डीरॅम चिप आहे. बीएक्स५०० आणि ए४०० मध्ये ती नाही. एनव्हीएमईत डीरॅम नसली तरी ती संगणकाच्या रॅममधला छोटा कोपरा उसना घेऊ शकते. साटाला ती सोय नाही. त्यामुळे डीरॅम नसल्याचा तोटा साटात जास्त जाणवतो. अडीच इंचीच घ्यायची असेल आणि डीरॅमवाली थोड्या जास्त पैशांत मिळत असेल, तर मी ते थोडे जास्त पैसे टाकीन.

गैरसमज : नाव तेच, म्हणजे माल तोच

२०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलने ब्लू एसएन५५० या लोकप्रिय एसएसडीतली चिप नाव न बदलता बदलली. तात्पुरती जागा संपल्यानंतरचा तिचा वेग ६१० वरून ३९० एमबीवर आला. चाचण्या करणाऱ्यांनी ते उघड केल्यावर कंपनीने बदल मान्य केला. त्याच वर्षी क्रूशलची पी२ टीएलसीवरून क्यूएलसीवर गेली, नाव तेच ठेवून. स्वस्त मालिकांमध्ये आतली चिप आणि कंट्रोलर बदलत राहतात, हे गृहीतच धरावं. म्हणूनच तीन वर्षांपूर्वीचा यूट्यूबवरचा रिव्ह्यू बघून घेतलेल्या एसएसडीत तीच चिप निघेल याची खात्री नसते. कंपनी कागदावर स्वतःला बांधून घेते ते दोनच गोष्टींत : वॉरंटीची वर्षं आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहायची मुभा आहे तो आकडा. दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते.

गैरसमज : टीबीडब्ल्यू संपलं की एसएसडी संपली

बीएक्स५०० च्या ४८० जीबी मॉडेलला १२० टीबीडब्ल्यू आणि ३ वर्षांची वॉरंटी आहे. हिशोब करा : तीन वर्षं रोज ११० जीबीच्या आसपास लिहायला लागेल. ऑफिसचं काम, ब्राउझर, अधूनमधून सिनेमा असा वापर असलेला माणूस दिवसाला २० जीबी लिहितो असं धरलं, तरी १२० टीबीला सोळा वर्षं लागतात. तोवर लॅपटॉपचं बिजागर तुटलेलं असेल.

‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाने २०१३ ते २०१५ या काळात २४०-२५६ जीबीच्या सहा एसएसडींवर मरेपर्यंत लिहीत राहण्याची चाचणी केली होती. सहाही ७०० टीबीच्या पुढे गेल्या, आणि शेवटची, सॅमसंगची ८४० प्रो, २,४०० टीबी ओलांडून मेली. त्यातल्या बहुतेकींत पेशीला २ बिटवाली, आजच्या स्वस्त चिपपेक्षा दणकट चिप होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही छापील आकडा म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे, एवढं त्यातून नक्की कळतं.

तो दर्जाचं मापही नव्हे. एमएक्स५०० च्या ५०० जीबीला १८० टीबीडब्ल्यू, पण वॉरंटी ५ वर्षं. वर्षाला भागलं तर ३६ टीबी, म्हणजे बीएक्स५०० च्या ४० पेक्षा कमीच! तरी दोन्हींतली चांगली एसएसडी एमएक्सच, कारण डीरॅम आहे आणि कंपनी पाच वर्षं मागे उभी राहते. सारख्याच वाटणाऱ्या दोन एसएसडींत अडकलो, तर मी वॉरंटीची वर्षं बघेन आणि मोकळा होईन.

बाकीचे किरकोळ

४८० जीबी घेतली आणि विंडोजने ४४७ दाखवली, तर कुणी फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या. एसएसडी डिफ्रॅग करू नका. विंडोजला ती एसएसडी आहे हे कळतं आणि ते आठवड्यातून एकदा योग्य ती झाडलोट आपणहून करतं. २४० जीबी घेऊन पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण विंडोज, ऑफिस आणि दोन-चार वर्षांचे फोटो एवढ्यातच ती तुंबते, आणि भरलेली एसएसडी मंदावते हे वर आलंच आहे.

‘फिरता भाग नाही, म्हणजे डेटा सुरक्षित’ हा समज मात्र किरकोळ नाही. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा कुरकुर करते, अडखळते, काही फायली वाचवायला वेळ देते. एसएसडीचा कंट्रोलर गेला की काल चालत असलेली एसएसडी आज बायोसमध्ये दिसतही नाही. चुकून पुसलेल्या फायली परत मिळण्याची आशाही कमीच, कारण पुसलेली जागा ट्रिम या आज्ञेने आतून लगेच मोकळी करायला घेतली जाते. वॉरंटीत नवी एसएसडी मिळते, आतले फोटो मिळत नाहीत.

तेव्हा एसएसडी बसवल्या दिवशीच दोन कामं उरकावीत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून एसएसडी किती तास चालली आहे तो आकडा बघावा. नव्याकोऱ्या मालात तो शेकड्यांत असेल, तर बिल आणि खोकं घेऊन त्याच दिवशी दुकानात जावं. बिलावर सीरियल नंबर लिहून घेतलेला असेल तर वाद लवकर मिटतो. आणि काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर भंगारात न देता अडीच इंची यूएसबी केसमध्ये घालावी. विंडोज चालवायला ती नालायक ठरली असली, तरी महिन्यातून एकदा जोडून बॅकअप घ्यायला अजून पुष्कळ वर्षं पुरते.