घरचा पिझ्झा हॉटेलसारखा का होत नाही? एका प्रश्नातून प्रयोगाची आखणी

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, आणि मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारतात: "तुझे व्हेरिएबल कोणते?" बहुतेकांची गाडी इथेच अडते. विषय असतो, आवड असते, पण प्रश्न मोजता येईल असा नसतो. आज हे स्वयंपाकघरातल्या एका उदाहरणावरून समजून घेऊ. आमच्या कौंडण्यपुरापासून अमरावती साधारण ४० किलोमीटर. गरम पिझ्झा खायचा तर तो घरीच करायला हवा. आणि घरी केला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चांगला झाला, पण हॉटेलसारखा नाही."

"हॉटेलसारखा नाही" हे निरीक्षण झालं. तो अजून संशोधनाचा प्रश्न झालेला नाही. प्रश्न करायचा तर आधी विचारा: नेमकं काय वेगळं आहे? खालची बाजू मऊ राहते? वरून रंग येत नाही? कडा फुगत नाही? ही तीन वेगळी निरीक्षणं आहेत आणि तिघांची कारणंही वेगळी असू शकतात. आपण आज पहिली दोन घेऊ.

आधी काय माहीत आहे ते बघा

यालाच आपण साहित्याचा आढावा म्हणतो. नेपल्सच्या पारंपरिक पद्धतीत लाकडाच्या भट्टीचं तापमान ४३० अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार होतो. घरातला ओटीजी साधारण २३० ते २५० अंशांवर थांबतो. मग सगळा दोष तापमानाचाच का?

इतकं सोपं नाही. २०१८ साली आंद्रे वार्लामोव्ह, आंद्रेआस ग्लाट्झ आणि सर्जिओ ग्रासो यांनी पिझ्झा भाजण्याच्या भौतिकशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं, की विटांच्या भट्टीत ३३० अंशांवर पिझ्झा २ मिनिटांत होतो. स्टीलच्या पृष्ठभागावर तेवढंच तापमान ठेवलं, तर खालची बाजू करपेल, कारण स्टील विटेपेक्षा फार पटकन उष्णता देतं. म्हणून स्टीलवर २३० अंश आणि १७० सेकंद हे गणित त्यांनी मांडलं. म्हणजे भट्टीचा आकडा एकटा पुरेसा नाही. पिझ्झा कशावर ठेवला आहे, हा दुसरा व्हेरिएबल.

तिसरा म्हणजे पाणी. पीठ तांबूस होतं ते मेयार्ड अभिक्रियेमुळे, आणि ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. आपले रोडगे आठवा. गव्हाच्याच पिठाचे, पण वर ओलं काही नाही आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची आच सगळ्या बाजूंनी. त्यांना खमंग रंग येतो, तो ओटीजीशिवाय.

पाककृती म्हणजे प्रोटोकॉल

परदेशी पाककृती जशीच्या तशी उतरवली तरी निकाल वेगळा येतो, कारण लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या कितीतरी गोष्टी त्यात लिहिलेल्याच नसतात. तिथलं ब्रेडचं पीठ बहुधा आपल्या मैद्यापेक्षा जास्त प्रथिनांचं असतं. प्रथिनं जास्त, तर ग्लुटेन मजबूत. चक्कीच्या कणकेत जात्याच्या घर्षणाने स्टार्चचे कण जास्त फुटलेले असतात, त्यामुळे ती पाणी जास्त पिते, आणि कोंडा ग्लुटेनची जाळी तोडतो. म्हणून मैद्याच्या जागी कणीक घातली, की फक्त पीठ बदललं असं होत नाही, पाण्याचं गणितही बदलतं.

"एक तास फुगू द्या" या वाक्यातही तापमान लपलेलं आहे. यीस्ट साधारण ३० ते ३५ अंशांत जोमात असतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यातला एक तास आणि डिसेंबरमधला एक तास सारखा नसतो. म्हणून घड्याळ बघू नका. पीठ सरळ कडांच्या काचेच्या भांड्यात ठेवा, उंचीला रबरबँड लावा आणि दुप्पट झालं की थांबा.

सगळं वजनात आणि टक्क्यांत लिहा. मैदा १०० टक्के धरायचा: ३०० ग्रॅम मैदा, १९५ ग्रॅम पाणी (६५ टक्के), ६ ग्रॅम मीठ (२ टक्के), ९ ग्रॅम तेल (३ टक्के), १.५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (०.५ टक्के).

आता अडचण बघा. घरचा काटा १ ग्रॅमपर्यंतच मोजतो, मग १.५ ग्रॅम कसं मोजणार? प्रयोगशाळेत करतो तेच: स्टॉक सोल्युशन. १० ग्रॅम यीस्ट ९० ग्रॅम पाण्यात नीट मिसळा आणि त्यातलं १५ ग्रॅम द्रावण लगेच घ्या. त्यात १.५ ग्रॅम यीस्ट आलं. सोबत १३.५ ग्रॅम पाणीही आलं, ते १९५ मधून वजा करायला विसरू नका.

ब्रेडस्टिक हा आपला कंट्रोल

या पिठाचे साधारण १२५ ग्रॅमचे चार उंडे होतात. दोन उंड्यांचे पिझ्झे करा. उरलेल्या दोघांच्या ब्रेडस्टिक: तेवढ्याच जाडीची पोळी, वर लसूण घातलेलं लोणी, आणि सुरीने पट्ट्या. पीठ तेच, भट्टी तीच, फक्त वर सॉस आणि चीजचा ओलावा नाही.

आता एक पिझ्झा आणि एका उंड्याच्या ब्रेडस्टिक ओटीजीच्या थंड ट्रेवर भाजा. दुसरा पिझ्झा आणि दुसऱ्या उंड्याच्या ब्रेडस्टिक अशा लोखंडी तव्यावर, जो ओटीजीतच २५० अंशांवर ४० मिनिटं तापवला आहे (तवा बिनदांड्याचा घ्या). चारही घाण्यांना वेळ तीच, ८ मिनिटं. दोन घटक, प्रत्येकाच्या दोन पातळ्या. याला दोन-बाय-दोन फॅक्टोरियल आराखडा म्हणतात.

निकाल असा वाचायचा. ट्रेवरच्या ब्रेडस्टिकला वरून रंग आला, पण पिझ्झा पांढराच राहिला, तर अडचण ओलाव्याची आहे. सॉस आटवून घ्या, भाज्या कमी करा. ट्रेवर दोघांचीही खालची बाजू मऊ आणि तव्यावर दोघांचीही कुरकुरीत, तर पृष्ठभागाचा परिणाम. आणि तव्याने पिझ्झ्यात मोठा फरक पडला पण ब्रेडस्टिकमध्ये जवळपास नाही, तर ती आंतरक्रिया. म्हणजे एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे. एकेक गोष्ट बदलून बघणाऱ्याला ही आंतरक्रिया दिसतच नाही. आणि तिन्ही गोष्टी एकदम बदलणाऱ्याचा पिझ्झा कदाचित चांगला होईल, पण कशामुळे झाला हे त्याला कधीच सांगता येणार नाही.

तीन सापळे

पहिला: एकाच पिठाचे चार उंडे म्हणजे चार स्वतंत्र पुनरावृत्त्या नव्हेत. पीठ बिघडलं तर चारही बिघडणार. वेगळ्या तीन दिवशी, प्रत्येक वेळी नवं पीठ मळून सगळं केलं, तर पुनरावृत्त्या तीन. एका कुंडीतल्या दहा पानांना दहा नमुने म्हणणारे प्रबंध याच मुद्द्यावर परत येतात.

दुसरा: क्रम. शेवटी भाजलेला उंडा जास्त वेळ फुगलेला असतो. म्हणून कोण आधी हे दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा.

तिसरा: आपलीच जीभ. तव्यावरचा कोणता हे माहीत असेल, तर तोच चांगला लागतो. घरच्यांना तीन तुकडे द्या, दोन एका प्रकारचे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. डोळे बंद करून, म्हणजे रंग बघून ओळखता येणार नाही. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. लागोपाठ चार वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/८१. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात चहाच्या आठ कपांवरून हाच विचार मांडला होता. चवीच्या जोडीला एक आकडाही घ्या: भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन. जो फरक येतो, तो बहुतांश उडून गेलेल्या पाण्याचा.

आता तुमचा सिनॉप्सिस समोर घ्या आणि एका कागदावर चार ओळी लिहा: मी काय बदलणार, काय मोजणार, काय स्थिर ठेवणार, आणि माझी ब्रेडस्टिक कोणती? चौथी ओळ रिकामी राहिली, तर समितीसमोर जाण्याआधी आठवडाभर तिच्यावरच बसा. साहित्य मागवून झाल्यावर कंट्रोल आठवला, तर आठवड्याऐवजी सहा महिने जातात.