पेन ड्राइव्ह आणि शाळेचे दप्तर

प्राथमिक शाळांचे बरेचसे दप्तर आता संगणकावर तयार होते. सन २०१५ मध्ये राज्यात ‘सरल’ प्रणाली आल्यापासून विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरण्याचे काम वाढले, आणि पेन ड्राइव्ह शिक्षकांच्या खिशात कायमचा जाऊन बसला. धाडसारख्या मोठ्या गावी आसपासच्या शाळांचे शिक्षक निकालपत्रके व पटाच्या याद्या त्यात घालून छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात आणतात. इतका उपयोग योग्यच होय. परंतु वर्षभराचे काम केवळ त्यातच ठेवून तो कपाटात कुलूपबंद करण्याची जी रीत पडत आहे, ती घातक आहे. पेन ड्राइव्ह हे माहितीची ने-आण करण्याचे साधन आहे, साठवणीचे नव्हे.

असे का, हे त्याची आतील रचना पाहिल्यावर कळते. त्यात असणाऱ्या ‘फ्लॅश मेमरी’चा शोध जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. पेन ड्राइव्ह बाजारात आले ते सन २००० च्या सुमारास, आणि आरंभीच्या एकाची क्षमता अवघी ८ मेगाबाइट होती. या मेमरीत असंख्य सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विद्युत्भार कोंडलेला असतो व त्याभोवती विद्युत्‌रोधक द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. भार किती आहे, यावरून संगणक मजकूर वाचतो. माठातून पाणी झिरपावे तसा हा भार त्या थरातून अत्यंत मंद गतीने झिरपत असतो. नव्या व चांगल्या प्रतीच्या वस्तूत तो कित्येक वर्षे टिकतो. तथापि उष्णता वाढली की झिरपणेही वाढते. घाटावर काय आणि घाटाखाली काय, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतील लोखंडी कपाट किती तापते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

लिहिण्या-पुसण्यानेही हा थर झिजतो. पूर्वीच्या महाग जातीत एका कप्प्यात एकच अंक साठवीत. कप्पा भरलेला की रिकामा, एवढेच ओळखावयाचे असे, आणि असा कप्पा सुमारे लाखभर वेळा लिहिणे सोशी. आजच्या स्वस्त जातीत एका कप्प्यात तीन अंक कोंबलेले असतात. त्यासाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून थोडासा भार ओसरला तरी वाचनात चूक होते. असा कप्पा हजारभर वेळा, कित्येकदा त्याहूनही कमी वेळा टिकतो. किंमत उतरली ती या सौद्याने.

ग्रामीण शाळांत मात्र पेन ड्राइव्ह झिजण्याआधीच बहुधा अन्य कारणांनी निकामी होतात. संगणकाने काम पुरे केल्याचे दाखविले, तरी लिहिणे आत चालू असू शकते. अशा वेळी तो उपसून काढला किंवा वीज गेली, तर फायलींची अनुक्रमणिका अर्धवट राहते. पाने शाबूत, पण कोणते पान कोठे आहे याचा पत्ता नाही, अशी स्थिती होते. म्हणून सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा दिल्यावाचून तो काढू नये. टोकाला धक्का बसून आतील सांधा तुटणे हेही नित्याचेच आहे. काही स्वस्त मालात तर उघड लबाडी असते: वर क्षमता ५१२ जीबी दाखवितात, आत तिचा लहानसा अंशच असतो, आणि तो भरल्यावर पुढची फाइल मागची पुसून टाकते. नव्या पेन ड्राइव्हमध्ये काठोकाठ फायली भरून त्या पुन्हा उघडून पाहाव्यात. लबाडी तेव्हाच उघडी पडते.

दुकानातील संगणकावरून व्हायरस येतो व सर्व फायलींच्या जागी केवळ शॉर्टकट दिसू लागतात. येथे घाई नडते. फायली बहुधा लपविलेल्या असतात, गेलेल्या नसतात. शॉर्टकट न उघडता, लपलेल्या फायली दाखविण्याची सोय चालू केली असता त्या सापडतात. फॉरमॅट केल्यास मात्र हाती आलेले जाते. कोणत्याही बिघाडात त्यावर नवे काही लिहू नये, हा पहिला नियम.

या सर्वात पणाला लागते ते मुलाचे नाव, जन्मतारीख व जात. सन २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीपुढील कामात शाळांच्या जुन्या नोंदवह्या व मोडी कागदपत्रे तपासली गेली. अनेक दशकांपूर्वी शाईने लिहिलेली ओळ वाचता आली. आजचा पेन ड्राइव्ह तितक्या काळानंतर वाचता येईल, असे कोणताही जाणकार सांगणार नाही. यास्तव दाखल-खारीज नोंदवही स्वच्छ हस्ताक्षरात पूर्ण ठेवणे हे जुनाट काम मानू नये. संगणकावरील माहितीची एक प्रत शाळेच्या संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर व एक शाळेच्या ईमेल खात्याच्या ऑनलाइन साठ्यात असावी. दर सत्रास त्या प्रती केवळ मोजू नयेत, उघडून पाहाव्यात.

निकामी पेन ड्राइव्ह भंगारात देताना एक काळजी अवश्य घ्यावी. फायली पुसल्या तरी मुलांचे आधार क्रमांक व पत्ते त्यातून पुन्हा काढता येतात. म्हणून आतील काळी चकती हातोडीने फोडून मगच तो टाकावा.