मांडीवरचा संगणक : सोय खरी, पण सावधगिरीही हवी

पूर्वी पेढीवर मुनीमजी गादीवर बसत. समोर उतरत्या झाकणाची लाकडी पेटी असे आणि तिच्यावर खतावणी उघडलेली असे. आज खतावणीची जागा लॅपटॉपने घेतली आहे. पेटी मात्र गेली आणि यंत्र थेट मांडीवर आले. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हापासून नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदारालाही विवरणपत्रे संगणकावर भरावी लागतात. दिवसभर गिऱ्हाईक आणि मालाची ने-आण यांतून सवड मिळत नाही. हिशेब होतो तो इशाच्या नमाजनंतर घरी, तक्क्याला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन. आम्हीही असेच काम करीत होतो. म्हणूनच या सवयीत धोका कोठे आहे आणि कोठे नाही, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

उष्णता येते कोठून?

संगणकाचा मुख्य भाग काम करताना तापतो. ही उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या बारीक पात्यांकडे जाते आणि छोटा पंखा हवा फेकून ती बाहेर काढतो. बहुतेक यंत्रांत हा पंखा तळाच्या फटींतून हवा ओढतो. यंत्र मांडीवर, गादीवर किंवा रजईवर ठेवले की या फटी बंद होतात. मग आतली उष्णता तळातून आपल्या कातडीकडे येते. यंत्राचे नावच 'मांडीवरचे' असले तरी ते फार वेळ मांडीवर ठेवू नये, अशी सूचना अनेक कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत छापतात. आपण ती वाचत नाही, एवढेच.

कातडीवरील डाग

चटका बसायला विस्तवच लागतो असे नाही. ४४ अंश सेल्सिअसची वस्तू सुमारे सहा तास एकाच जागी टेकून राहिली तरी कातडी भाजते, आणि त्यापुढे एकेक अंश वाढला की हा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. यापेक्षा कमी वेळ पण रोज शेक बसत राहिला, तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठतात. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर असे डाग डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. वर्षानुवर्षांच्या शेकाने तेथे काहींना कातडीचा कर्करोगही झाला आहे. लॅपटॉपमुळे पडलेल्या डागांची पहिली नोंद २००४ साली झाली. २०१० साली स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी डाव्या मांडीवर डाग पडलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो रोज काही तास मांडीवर यंत्र ठेवून खेळत असे. शेक लवकर थांबवला तर डाग हळूहळू फिके होतात.

मधुमेह असलेल्या बांधवांनी विशेष जपावे. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना चटका बसल्याचे कळतच नाही आणि जखम भरायलाही वेळ लागतो. मांडीवर यंत्र ठेवून डुलकी घेणे तर कोणीच करू नये.

पुरुषांसाठी एक नाजूक बाब

हा विषय संकोचाचा आहे, पण टाळण्यासारखा नाही. पुरुषबीज नीट तयार होण्यासाठी अंडकोषाचे तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी असावे लागते. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातील संशोधकांनी २९ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. मांड्या जुळवून तासभर नुसते बसल्यानेच हे तापमान सुमारे २.१ अंशांनी वाढले. मांडीवर चालू लॅपटॉप ठेवल्यावर वाढ २.६ ते २.८ अंशांपर्यंत गेली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात तापमान एक अंशाने वाढायला मांड्या जुळवून बसल्यास ११ मिनिटे लागली, यंत्राखाली पॅड ठेवल्यास १४ आणि पाय फाकवून बसल्यास २८ मिनिटे. म्हणजे मांडीवर उशी किंवा पॅड घेतल्याने फारसे साधत नाही.

या प्रयोगांत तापमान मोजले गेले. लॅपटॉपने वंध्यत्व येते असे त्यांतून सिद्ध झालेले नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण ज्या घरात पाळण्याची वाट पाहिली जात आहे, तेथे पुरुषाने ही सवय सोडावी. पुरुषबीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून आठवडाभर सोडून उपयोग नाही. आणि मूल होत नाही म्हणून सगळा दोष सुनेच्या पदरात टाकण्याआधी मुलाचीही तपासणी करून घ्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

वीज आणि बॅटरी

धातूच्या अंगाचे यंत्र चार्जिंगला असताना हाताला बारीक मुंग्या येतात. दोन पिनांच्या चार्जरमधून अगदी थोडी वीज अंगापर्यंत येते, तिचा हा परिणाम असतो आणि बहुधा तो निरुपद्रवी असतो. परंतु जोराचा झटका बसला तर तो चार्जर लगेच बाजूला काढावा. तीन पिनांच्या चार्जरची तिसरी पिन कापू नये आणि गाळ्याला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. वजू करून आल्यावर हातपाय नीट पुसूनच चार्जिंगवरील यंत्राला हात लावावा.

लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. २००६ साली डेल कंपनीने सोनीच्या बनावटीच्या ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या भीतीने परत मागवल्या होत्या. तळ फुगणे, झाकण नीट न मिटणे, बोट फिरवायची पट्टी वर उचलली जाणे, ही बॅटरी फुगल्याची लक्षणे आहेत. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. ती जाणकाराकडून काढून घ्यावी. सुताच्या कोनांजवळ, कापडाच्या ताग्यांवर किंवा चप्पल-बॅगांच्या कामातील सोल्यूशनच्या डब्याशेजारी रात्रभर यंत्र चार्जिंगला ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रणच. पेट घेतलाच तर मुख्य खटका बंद करून सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ ला फोन करावा.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग गाळ्यांत आणखी एक अडचण असते. कापसाचा तूस पात्यांत अडकून पंख्याची वाटच बंद होते. पंखा सतत घोंघावू लागला की यंत्र उघडून स्वच्छ करून घ्यावे.

उपाय स्वस्त आहे

सुताराकडून दहा-बारा इंच उंचीची बैठी चौकी करून घ्यावी. वरचा भाग अखंड फळीचा नको. फटी सोडून पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे खालून हवा मिळेल. मागची बाजू किंचित उंच ठेवावी आणि पुढे बारीक पट्टी लावावी, म्हणजे यंत्र घसरणार नाही. खाली मांडी घालून आरामात बसता येते आणि मानही कमी वाकते. काम लांबणार असेल तर यंत्र आणखी उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. प्रवासात मांडीवर घ्यावेच लागले, तर खाली पाट किंवा जाड पुठ्ठ्याची फाइल ठेवावी आणि काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे.

थोडक्यात, मुनीमजींची ती पेटी आपण अडगळीत टाकली, ती परत आणायची आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी पडलेली असेल तर धूळ झटकून खाली काढावी. झाकणाला दहा-बारा भोके पाडली की ती आजही कामाची आहे.