एकीने मिळविले, दुहीने घालविले

ज्याच्या कष्टाने राज्याची कोठारे भरतात, त्याच्याच हाती राज्याच्या किल्ल्या आल्या तर काय होते, ह्या प्रश्नाचे उत्तर कॅनडातील ओंटारिओ प्रांताने १९१९ साली अनुभवाने दिले. त्या वर्षीच्या निवडणुकीत १११ जागांच्या विधिमंडळात शेतकरी संघाचा पक्ष सर्वांत मोठा ठरला, व ११ मजूर सभासदांच्या साहाय्याने अर्नेस्ट चार्ल्स ड्रुरी मुख्य प्रधान झाले. नवल असे की, ते स्वतः निवडणुकीस उभेही नव्हते. हॅल्टन मतदारसंघातून ते मागाहून, १९२० साली, निवडून आले.

ड्रुरी ह्यांचा जन्म १८७८ साली क्राउन हिल येथे झाला. वडील चार्ल्स ड्रुरी हे प्रांताचे पहिले शेतकी मंत्री. ग्वेल्फच्या शेतकी विद्यालयातून १९०० साली पदवी घेऊनही मुलगा पुन्हा नांगराकडेच वळला. १९१४ साली शेतकरी संघाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. तथापि संघास खरे बळ दिले ते कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने! शेतकऱ्यांच्या मुलांस सक्तीच्या लष्करभरतीतून सूट देण्याचे वचन त्याने १९१७ च्या निवडणुकीपूर्वी दिले, आणि १९१८ च्या एप्रिलात ते मोडले. वचनभंगाचा असा अनुभव ज्यास येतो, त्यास संघटनेचा उपदेश निराळा करावा लागत नाही.

ह्या मंत्रिमंडळाने निराधार मातांस भत्ता दिला, स्त्री-कामगारांस किमान वेतन ठरविले, लोकांच्या ठेवींतून शेतीस भांडवल पुरविण्यासाठी सरकारी बचत पेढी काढली व ओसाड जमिनींवर वनीकरण केले. ही कामे केवळ शेतकऱ्यांची नव्हती, हे ध्यानात घ्यावे. वादही येथेच पेटला. पक्ष सर्व प्रागतिक लोकांस खुला करावा, असे ड्रुरी ह्यांचे म्हणणे. संघाचे चिटणीस जे. जे. मॉरिसन ह्यांस तो शेतकऱ्यांपुरताच हवा होता. दारूबंदीचा कडक अंमल व रस्त्यांवरील खर्च ह्यांनी नाराजी वाढविली होतीच; तीत ही दुही मिळाली. १९२३ साली पक्ष अवघ्या १७ जागांवर आला, व खुद्द ड्रुरी हॅल्टनमध्ये पराभूत झाले.

आमचे मत ड्रुरी ह्यांच्या बाजूचे आहे. निवडून येईपर्यंत प्रतिनिधी हा आपल्या पक्षकाराचा वकील असतो. मंत्रिपदाच्या आसनावर बसताच त्यास न्यायाधीशाप्रमाणे सर्व बाजू पाहाव्या लागतात. मॉरिसन ह्यांची भीती पोकळ होती, असे मात्र आम्ही म्हणत नाही. दार सर्वांस उघडले की कित्येकदा घरधनीच बाहेर राहतो. परंतु त्यावर उपाय दार लावून घेणे हा नव्हे. घरधन्याने जागे राहणे हाच होय.