साहेबांचा मेल आणि रात्रीची झोप

रात्री दहाला आलेल्या मेलला रात्रीच उत्तर द्यायला हवं, हा ईमेलबाबतचा सगळ्यात छळवादी गैरसमज. पाठवणाऱ्याने मुलं झोपल्यावर सवडीने काम उरकलेलं असतं. इकडे घेणाऱ्याला वाटतं, साहेब उत्तराची वाट बघत बसलेत! लॉरा जुर्जे आणि व्हनेसा बोन्स या संशोधकांनी २०२१ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. कामाची वेळ संपल्यावर आलेल्या, तातडीच्या नसलेल्या मेलला किती लवकर उत्तर हवंय, याचा अंदाज घेणारे वाढवूनच बांधतात. ‘घाई नाही, उद्या पाहिलंत तरी चालेल’ अशा अर्थाची ओळ पाठवणाऱ्याने घातली, की हे दडपण उतरतं, हेही त्यांना दिसलं. हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकाने ही ओळ लिहायची सवय लावून घ्यावीच. नाहीतर मेल रात्री लिहा, पण सकाळी जाऊ द्या. संगणकावर जीमेल उघडलंत तर ‘सेंड’ला लागून एक छोटा बाण दिसेल. त्यात ‘शेड्यूल सेंड’ आहे.

‘सारखं बघत राहिलं की काम साचत नाही’ हा दुसरा समज. कोस्तादिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी कॅनडात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तितक्या वेळा. २०१५ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात तीनदावाल्या आठवड्यात ताण कमी आढळला. मोह आवरणं मात्र अनेकांना जड गेलं. म्हणून नुसत्या निश्चयावर विसंबू नये. फोनवरची मेलची नोटिफिकेशन्स बंद करावीत, आयकॉनवरचा तो लाल आकडासुद्धा. ज्यांचं कामच तातडीच्या मेलवर चालतं, त्यांनी फक्त महत्त्वाच्या मेलपुरती ती चालू ठेवावीत.

फोल्डर करकरून मेल लावून ठेवण्यात कित्येकांची संध्याकाळ जाते. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या सवयी तपासल्या, तर फोल्डर धुंडाळण्यापेक्षा सर्च बराच वेगाने काम करतो असं निघालं. विम्याची पावती हवी असेल तर कंपनीचं नाव टाकलं तरी पुरतं. इनबॉक्समध्ये गर्दी नको असेल तर वाचलेला मेल अर्काइव्ह करा. तो ‘ऑल मेल’मध्ये राहतो आणि त्यावर कुणाचं उत्तर आलं की इनबॉक्समध्ये परत दिसतो. डिलीट केलेला जीमेलच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचा जातो.

‘इनबॉक्स झिरो’ हा शब्द रूढ करणाऱ्या मर्लिन मान यांनाही मेलची संख्या शून्यावर आणणं अभिप्रेत नव्हतं. इनबॉक्समध्ये मन किती वेळ अडकून राहतं, हा त्यांचा प्रश्न होता.

राहिल्या जाहिराती. रोज डिलीट करून त्या थांबत नाहीत. ओळखीच्या दुकानाची किंवा बँकेची असेल तर ‘अनसबस्क्राइब’ करा. अनोळखी, संशयास्पद मेलमधल्या त्या लिंकला मात्र हात लावू नका. आपला पत्ता चालू आहे, हे समोरच्याला त्यातून कळू शकतं. तो सरळ स्पॅम म्हणून नोंदवा.