ओ नसलेला ओ : परळमध्ये सापडलेला रक्तगट

१९५२ सालच्या आसपासची गोष्ट. परळच्या केईएम रुग्णालयात रक्ताची गरज असलेले दोन रुग्ण होते. एक रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांच्या तांबड्या पेशी तपासल्या तर गट दिसला ओ. ओ म्हणजे मुंबईत साधारण तिघांत एकाचा गट, रक्त मिळायला अडचण नको. पण ओ गटाच्या दात्याचं रक्त रुग्णाच्या सीरमशी जुळवून पाहिलं की नळीत गुठळ्या होत. दुसऱ्या दात्याचं घेतलं, तिसऱ्याचं घेतलं, तीच गत. अखेर मुंबईतल्याच एका माणसाचं रक्त जुळलं, आणि तपासलं तेव्हा तेही याच विचित्र जातीचं निघालं.

डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी या प्रकरणाचा पिच्छा पुरवला. (भेंडे हे नाव वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना पॅथॉलॉजीच्या जाडजूड पाठ्यपुस्तकावरून ठाऊक आहे.) अशा वेळी तपासणीत काहीतरी चुकलं असणार, अभिकर्मक जुने असणार, असं म्हणून प्रकरण मिटवणं सोपं असतं. त्यांनी तसं केलं नाही. रक्तगटांवर काम करणाऱ्या लंडनमधल्या शास्त्रज्ञांना त्यांनी सोबत घेतलं. रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन, विनिफ्रेड वॉटकिन्स ही त्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी नावं. सर्वांचा मिळून एक छोटा लेख १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शहराचं नाव त्या रक्ताला चिकटलं ते कायमचं. शहर अधिकृतपणे मुंबई झालं तरी जगभरच्या रक्तपेढ्यांत हा गट अजून 'बॉम्बे'च आहे.

कार्ल लँडस्टायनरने व्हिएन्नात १९०१ साली ए, बी, ओ ही मांडणी केली, तेव्हा ओ म्हणजे काहीच नसलेला गट असं मानलं गेलं. पेशीवर ए नाही, बी नाही, म्हणून शून्य. हे अर्धसत्य होतं. ओ गटाच्या पेशीवरही साखरेच्या रेणूंची एक साखळी असते आणि तिच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर असते. या रचनेला एच म्हणतात. त्याच एचवर आणखी एक साखर बसली की ए होतो, वेगळी बसली की बी. हे काम उतरंडीसारखं आहे. तळाचं मडकंच नसेल तर वरची कशावर ठेवणार? बॉम्बे गटाच्या माणसाकडे ए किंवा बी बनवणारं विकर शाबूत असू शकतं, पण त्याला बसायला एच मिळत नाही. म्हणून पेशी ओसारख्या दिसतात. वॉटकिन्स आणि मॉर्गन यांना ए आणि बी हे दोन्ही एचपासूनच तयार होतात ही साखळी जुळवताना परळच्या या रक्ताचा फार उपयोग झाला. दुर्मीळ म्हणून त्याचं कौतुक होतं, पण माझ्या मते त्याचं खरं महत्त्व इथे आहे. सगळ्यांच्या रक्तगटाची घडण त्याच्यामुळे कळली.

आता धोका. शरीराकडे जे नाही त्याविरुद्ध ते प्रतिपिंड बनवतं. ओ गटाच्या सीरममध्ये ए आणि बीविरुद्ध प्रतिपिंड असतात. बॉम्बे गटाच्या सीरममध्ये ते दोन असतातच, शिवाय एचविरुद्धचाही असतो, आणि तो शरीराच्या तापमानाला पूर्ण जोमाने काम करतो. एच सर्वांत जास्त कुठे असतो? ओ गटाच्या पेशींवर. म्हणजे जगात 'कोणालाही चालतं' म्हणून मिरवणारं ओ निगेटिव्ह रक्त या माणसासाठी घातक. चढवलेल्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. थंडी वाजून ताप, कमरेत कळा, लाल-काळपट लघवी, मग मूत्रपिंडं बंद पडायला लागतात. त्याला चालतं ते फक्त बॉम्बे गटाचंच रक्त.

एच तयार करणारं जनुक, एफयूटी१, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हा गट होतो. आईवडील स्वतः बी किंवा एबी असू शकतात आणि मूल 'ओ' दिसतं. एबी आईला ओ मूल होऊच शकत नाही असं शाळेत शिकलेल्या माणसाच्या मनात भलताच संशय येऊ शकतो. त्या मुलाचा लपलेला बी पुढच्या पिढीत पुन्हा उघडा पडतो, हे फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९५५ साली दाखवलं. पितृत्वाच्या वादात नुसत्या रक्तगटावर कुणी बोट ठेवत असेल तर त्याने हे आधी वाचावं.

युरोपात हा गट सुमारे १० लाखांत एकाचा, भारतात सुमारे १०,००० मध्ये एकाचा. मुंबईत भाटियांच्या पाहणीत ७,६०० मध्ये एक असं प्रमाण आलं. १०,००० मध्ये एक धरलं आणि लग्नं कुठेही कशीही होतात असं मानलं, तर ५० माणसांत एक वाहक, म्हणजे एकच बिघडलेली प्रत असलेला, निघतो. प्रत्यक्षात वाहक याहून कमी असणार, कारण आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे आणि त्यामुळे दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यता वाढते. बॉम्बे गटाच्या रुग्णाच्या घरात आईवडील एकमेकांचे नातलग निघणं ही नेहमीची बाब आहे.

गंमत अशी की एच नसल्यामुळे या माणसांना कोणताही आजार होत नाही. आयुष्यभर रक्त लागलं नाही तर आपला गट वेगळा आहे हे त्यांना कळतही नाही. उलट, भारतीय बॉम्बे गटात एफयूटी२ हे शेजारचं जनुकही बहुधा गायब असतं. या जनुकामुळे लाळेत आणि आतड्याच्या अस्तरावर एच येतो. तो नसलेल्यांना नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांचे जुलाब होत नाहीत, कारण विषाणूला पकडायला जागाच उरत नाही. या साखरांचा रोगांशी असा संबंध इतरत्रही दिसतो. ओ गटाच्या लोकांना गंभीर फाल्सिपेरम मलेरियापासून काहीसं संरक्षण असतं, पण कॉलरा झालाच तर तो जास्त जोराचा होतो. रक्तात गुठळी होण्याचा धोका ओ गटात थोडा कमी असतो, कारण गुठळी धरायला मदत करणाऱ्या फॉन विलब्रांड घटकाची पातळी कमी असते.

हा गट ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पेशी ए आणि बीविरुद्धच्या द्रावणाने तपासणं हा कामाचा अर्धा भाग. रुग्णाचं सीरम ए, बी आणि ओ गटाच्या पेशींशी जुळवून पाहणं हा उरलेला अर्धा. ओ गटाच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या की शंका यायलाच हवी. मग गॉर्स या युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. तो एच असलेल्या पेशी गोळा करतो, बॉम्बेच्या करत नाही. बियांवरून आठवलं : ए गटाचा उपप्रकार ओळखणारा अर्क आपल्या कुळथातून मिळतो, आणि तो गुण जॉर्ज बर्ड यांनी याच काळात पुण्यात, सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करताना दाखवला. पिठल्याचं कुळीथ प्रयोगशाळेतही कामाचं ठरलं.

अडचण अशी की आपल्यापैकी बहुतेकांचा रक्तगट कॉलेजच्या शिबिरात किंवा कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये काचपट्टीवर, म्हणजे फक्त पहिल्या अर्ध्या भागाने, ठरलेला असतो. तोच ओळखपत्रावर आणि वाहन परवान्यावर छापला जातो. रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या सीरमशी जुळवून पाहणं, झाला तर घोटाळा पकडला जातो. पण मध्यरात्री बाळंतिणीला रक्तस्राव होत असताना, तालुक्याच्या गावी, कागदावर ओ लिहिलेला पाहून पिशवी लावली जाण्याची भीती खरी आहे. बॉम्बे गटाचा दाता शेकडो किलोमीटर प्रवास करून रक्त देऊन आला, अशा बातम्या आपण आवडीने वाचतो. दात्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण असा प्रवास करावा लागतो म्हणजे अशा दात्यांची यादी अपुरी आहे आणि रुग्णाचा गट आयत्या वेळी कळला आहे.

१९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केलं. केईएमच्याच आवारात ते आज राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था म्हणून काम करतं. असं दुर्मीळ रक्त आधीच साठवून ठेवायचं तर साध्या शीतपेटीत ते ३५ ते ४२ दिवस टिकतं. ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर गोठवलं तर दहा वर्षांपर्यंत. दात्याला दोन रक्तदानांत पुरुष असल्यास ९० आणि स्त्री असल्यास १२० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणून एका रुग्णामागे एक दाता असून भागत नाही.

तुमच्या कार्डावर ओ लिहिलेलं असेल तर सीरमची तपासणी झाली होती का, हे एकदा रक्तपेढीत विचारा. शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण ठरलं असेल तर त्याच्या पुरेसं आधी विचारा. आणि घरात कुणी बॉम्बे गटाचं निघालं तर सख्ख्या भावाबहिणींची तपासणी लगेच करून घ्या. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते.